गवताचे मशीन : दुकानातून घ्यावे की घरपोच मागवावे?

पावसाळा सरला की सत्तरी, डिचोली, सांगे आणि खानापूर भागांतील काजूबागांत साफसफाईची घाई सुरू होते. झाडाखालची जागा स्वच्छ नसेल तर पुढे काजू गळू लागल्यावर बी वेचणे कठीण जाते. उन्हाळ्यात वाळल्या गवताला आग लागण्याची धास्ती असते ती वेगळीच. पूर्वी हे काम कोयत्या-विळ्यांनी होई. आता मजूर मिळेनासे झाल्यामुळे खांद्याला अडकवायचे पेट्रोलचे यंत्र, म्हणजे आपण ज्याला ब्रश कटर किंवा नुसते ‘गवताचे मशीन’ म्हणतो ते, अनेक घरांत आले आहे.

मशीन घ्यायचे ठरले की घरात हमखास एक वाद होतो. वडील म्हणतात, तालुक्याच्या दुकानातून घेऊ. मुलगा मोबाईल पुढे करून म्हणतो, बाबा, असेच मशीन इथे स्वस्त आहे आणि दारात येऊन पडते. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. म्हणूनच या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनी विचार करावा असे आम्हांला वाटले. हा वाद आपल्याच घरातला आहे असेही नाही. परदेशात तो थेट न्यायालयापर्यंत गेला, आणि तिथे जे घडले त्यातून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

फ्रान्समध्ये काय घडले?

जर्मनीतील स्टिल ही कंपनी आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ साली स्थापन केली. लाकूड कापायची चेन सॉ, म्हणजे साखळीची करवत, हे तिचे मुख्य उत्पादन. ब्रश कटरही ती बनवते. स्वतः नेमलेल्या आणि दुरुस्तीची सोय असलेल्या विक्रेत्यांमार्फतच माल विकायचा, असे या कंपनीचे जुने धोरण आहे. आपल्या करवती होम डेपो व लोज या अवाढव्य दुकानसाखळ्यांत का मिळत नाहीत, हे लोकांना सांगण्यासाठी तिने २००७ साली अमेरिकेत वर्तमानपत्रांतून मोठ्या जाहिराती दिल्या होत्या. यंत्र जो विकतो त्यालाच ते समजावून देता आणि दुरुस्त करता आले पाहिजे, असे तिचे म्हणणे होते.

पुढे इंटरनेटवरची विक्री वाढली. तेव्हा फ्रान्समध्ये कंपनीने विक्रेत्यांना अट घातली की चेन सॉ, ब्रश कटर यांसारखी धोक्याची यंत्रे गिऱ्हाइकाच्या हाती विक्रेत्याने स्वतः द्यावीत. ऑर्डर इंटरनेटवर घेतली तरी गिऱ्हाइकाने दुकानात यावे, नाहीतर विक्रेत्याने त्याच्या घरी जावे. आता दोनशे कोसांवरच्या गिऱ्हाइकासाठी कोण एवढा प्रवास करणार? नावाला ऑनलाइन विक्री खुली राहिली, प्रत्यक्षात ती बंदच झाली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने या अटीबद्दल कंपनीला ७० लाख युरोंचा दंड केला. ऑक्टोबर २०१९ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने कंपनीचा दोष कायम ठेवला, मात्र दंड ६० लाख युरोंवर आणला.

या निकालातील बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. प्राधिकरणाने कंपनीच्या सगळ्याच अटी फेटाळल्या नाहीत. अशा यंत्रांसाठी सल्ला देणारे, जाणकार विक्रेते निवडून नेमणे योग्य आहे, असे त्याने मान्य केले. दुसऱ्याच्या मोठ्या ऑनलाइन बाजारावर विक्रेत्यांनी आमचा माल ठेवू नये, ही अटही त्याने चालू दिली. ‘हाती देण्याची’ सक्ती मात्र जरुरीपेक्षा जास्त आहे, असे त्याने ठरवले. सुरक्षेच्या नियमांत अशी सक्ती नव्हती, आणि तशीच यंत्रे विकणाऱ्या इतर कंपन्या ती पाळत नव्हत्या. अशा सक्तीने गिऱ्हाइकाची निवड कमी होते आणि दूरच्या विक्रेत्याकडे कमी भाव असला तरी त्याला त्याचा लाभ घेता येत नाही.

दुकानदाराच्या खर्चाचे काय, हा प्रश्न तरीही उरतो. १ जून २०२२ पासून युरोपीय संघात लागू झालेल्या नियमांनी त्याची दखल घेतली आहे. एकाच विक्रेत्याला दुकानात विकायच्या मालासाठी एक घाऊक भाव आणि इंटरनेटवर विकायच्या मालासाठी दुसरा भाव लावणे आता कंपनीला शक्य आहे. फरक खर्चाला धरून असावा आणि ऑनलाइन विक्री बंद पाडण्यासाठी नसावा, एवढेच बंधन आहे. थोडक्यात, गिऱ्हाइकाची वाट अडवू नका, पण जो दुकान चालवतो, यंत्र दाखवतो, समजावतो, त्याला त्याच्या कष्टाचे मिळू द्या, असा हा मार्ग आहे. आपल्याकडील २००२ चा स्पर्धा कायदाही कंपनी आणि विक्रेते यांच्यातील अशा अटी सरसकट बेकायदा ठरवत नाही. त्यांनी बाजारातील स्पर्धेला मोठी बाधा येते की नाही, हे तो पाहतो.

दुकानदार नेमके काय देतो?

खोक्यातून आलेले मशीन बहुधा सुटे असते. दांडा जोडणे, हँडल आपल्या उंचीप्रमाणे बसवणे, पट्टा दोन्ही खांद्यांवर सारखा भार येईल असा लावणे, पात्याचे संरक्षक कवच घट्ट करणे ही कामे पहिल्याच दिवशी नीट व्हावी लागतात. चांगला विक्रेता ती करून देतो आणि मशीन तुमच्या हातात चालवून दाखवतो.

तेलाचेच उदाहरण घ्या. टू-स्ट्रोक मशीनमध्ये पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. काही मशीनना ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल लागते, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. काहींना २५ भागांना १ भाग, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर. तेल विसरले की पिस्टन घासून मशीन जाम होते. फोर-स्ट्रोक मशीनमध्ये मात्र तेल वेगळ्या जागी घालायचे असते, पेट्रोलमध्ये मिसळायचे नसते. दोन्ही मशीन दिसायला सारखीच. आपले कोणते आणि त्याला प्रमाण किती, हे पुस्तिकेत लिहिलेले असते. पण ती इंग्रजीत असेल तर पुष्कळांना तिचा उपयोग होत नाही. दुकानदाराने आपल्या भाषेत सांगितलेले एक वाक्य हजारो रुपयांचे इंजिन वाचवते.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. अलीकडे देशभर पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. लहान इंजिनांच्या बऱ्याच पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. असे पेट्रोल टाकीत महिनोन् महिने राहिले तर कार्ब्युरेटर खराब होतो, रबरी नळ्या व पडदे बिघडतात. म्हणून लागेल तेवढेच पेट्रोल मिसळावे. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर कोरडा करावा. आपल्या मॉडेलला हे पेट्रोल चालते का, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. ऐन कापणीत पाते, क्लच, स्टार्टरची दोरी किंवा स्प्रिंग तुटली आणि तो भाग आठवडाभराने येणार असेल, तर भाड्याच्या मशीनवर आणि मजुरीवर जे खर्च होते ते खरेदीत वाचवलेल्या पैशांहून जास्त भरते.

प्रश्न शरीराचाही आहे

ब्रश कटरचे पाते लहानसा दगडही गोळीसारखा फेकते. काम करताना माणसे आणि जनावरे किमान १५ मीटर दूर ठेवावीत. डोळ्यांना बंद चष्मा आणि चेहऱ्याला जाळीचे किंवा पारदर्शक कवच हवे. साधा उन्हाचा चष्मा पुरत नाही. पायांत मजबूत बूट आणि अंगावर लांब पँट असावी.

पाते वरून पाहिले तर बहुतेक मशीनमध्ये घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. त्याचा पुढचा उजवा भाग बुंध्याला किंवा खुंटाला लागला की मशीन जोराचा झटका देऊन उसळते. म्हणून डाव्या भागाने, उजवीकडून डावीकडे ओढत कापावे. हे कागदावर वाचून कळते, पण हाताला कळायला कुणीतरी शेजारी उभे राहून दाखवावे लागते.

आवाजाकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. ८५ डेसिबल आवाजात दिवसाचे आठ तास ही कानांची मर्यादा धरली जाते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला तो एका तासावर येतो. पेट्रोलचे ब्रश कटर चालवणाऱ्याच्या कानापाशी बहुधा ९० डेसिबलच्या वर आवाज असतो. कानांवर संरक्षक लावल्याशिवाय दिवसभर काम करणाऱ्याला हळूहळू बहिरेपण येते, आणि ते परत जात नाही. कंपनाने बोटे बधिर होणे, थंडीत पांढरी पडणे ही लक्षणे दिसली तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पाते बोथट किंवा वाकडे झाले की कंपन वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

मोबाईलवर घेणाऱ्यांसाठी

हे सारे वाचून कुणी असे समजू नये की ऑनलाइन खरेदी वाईट. जवळपास विक्रेताच नसेल, किंवा एकच असून तो मनमानी भाव सांगत असेल, तर मोबाईलवरचा भाव हा शेतकऱ्याचा आधार आहे. फ्रान्समधील निकालाचे मर्म तेच आहे. मात्र असे घेताना आपले हक्क माहीत असावेत.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन बाजाराने विक्रेत्याचे नाव व पत्ता, माल कोणत्या देशात बनला, परत देण्याच्या व वॉरंटीच्या अटी दाखवल्या पाहिजेत. तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एक महिन्यात निवारण करावे, असा नियम आहे. तेवढ्याने भागले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीला असला तरीही. खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर त्यासाठी शुल्क लागत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या यंत्राचा मालकही या कायद्याने ग्राहकच ठरतो.

बिल, खोके आणि मशीनवरील क्रमांकाचा फोटो जपून ठेवावा. खोके उघडतानाच मोबाईलवर चित्रण करून ठेवले तर पुढे भांडण कमी होते. पैसे भरण्यापूर्वी एकच फोन करावा : या कंपनीचे दुरुस्ती केंद्र आपल्यापासून किती दूर आहे? उत्तर मिळाले नाही तर स्वस्ताईला भुलू नये. सरकारी अनुदान हवे असेल तर गोव्यात विभागीय कृषी कार्यालयात, बेळगाव भागात रयत संपर्क केंद्रात, इतरत्र आपल्या कृषी कार्यालयात खरेदीच्या आधी चौकशी करावी. कोणते मॉडेल आणि कोणता विक्रेता चालतो, हे आधी कळले म्हणजे नंतर हळहळ नको.

आमचे म्हणणे

दुकानात जाऊन तासभर मशीन हाताळायचे, सगळे प्रश्न विचारायचे, चहा घ्यायचा आणि बाहेर पडून मोबाईलवर दुसरीकडून मागवायचे, हे आम्हांला बरे वाटत नाही. त्या तासाचा मोबदला दुकानदाराला कुणी दिला? आपल्या दिवसभराच्या मजुरीतून कुणी असा तास कापला तर आपण काय म्हणू? असे पुष्कळांनी केले की एक दिवस ते दुकान बंद होते, आणि मग नुसत्या स्पार्क प्लगसाठीही शहराची बस धरावी लागते.

दुकानदारांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. कुणी दुसरीकडून घेतलेले मशीन दुरुस्तीला आणले तर त्याला हाकलून देऊ नये. दुरुस्तीचे रास्त पैसे घ्यावेत आणि काम चोख करावे. तोच माणूस पुढचे मशीन तुमच्याकडून घेईल. पक्के बिल द्यावे आणि भाव लिहून द्यावा. मशीन हाती देताना अर्धा तास शिकवणे हा उपकार नव्हे, तुमच्या किमतीचा तो भाग आहे. तो दिला नाही तर गिऱ्हाइकाने जास्त पैसे कशासाठी मोजावेत?

वाड्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून एकाच विक्रेत्याकडे जावे, असे आम्ही सुचवतो. चार मशीन एकदम घेणाऱ्याला तो भाव नक्की कमी करील. त्याच वेळी त्याने एक दिवस बागेत येऊन सर्वांना मशीन चालवणे, तेल मिसळणे आणि पाते बदलणे शिकवावे, हे आधीच ठरवून घ्यावे. मोबाईलवरचा भाव त्याला दाखवायलाही हरकत नाही. घासाघीस करावी, पण सौदा झाल्यावर दिलेला शब्द दोघांनीही पाळावा.

यंदा ज्यांच्या घरी नवे मशीन येणार आहे त्यांनी पहिल्या दिवशी ते तरुण मुलाच्या हाती देऊन मोकळे होऊ नये. चष्मा, कानांचे संरक्षक आणि बूट यांचे पैसे मशीनच्या किमतीतच धरावेत, आणि ते घरात आल्याशिवाय दोरी ओढून इंजिन सुरू करू नये.