मध्यम की पूर्ण आकाराचा पिकअप? : अमेरिकेतील भार ओढणे आणि रोजची ये-जा या दुहेरी गरजेच्या संदर्भात वाहननिवडीचे विवेचन

प्रस्तावना :

महाराष्ट्रात ‘पिकअप’ हा शब्द उच्चारला की भाजीपाला, दुधाचे कॅन किंवा सिमेंटच्या गोण्या वाहणारे मालवाहू वाहन डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र पिकअप हे बहुतांशी कौटुंबिक वाहन झाले आहे. सोमवार ते शुक्रवार कार्यालयात ये-जा आणि सुट्टीच्या दिवशी नाव, घोड्यांची गाडी किंवा फिरते घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर ओढणे, अशी दुहेरी कामगिरी त्याच्याकडून अपेक्षित असते. फोर्ड कंपनीची एफ मालिका १९७७ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी तेथील सर्वाधिक खपाची ट्रकमालिका ठरली, यावरून या वाहनप्रकाराचे तेथील स्थान लक्षात येते.

अशा ग्राहकापुढे मध्यम आकाराचा पिकअप घ्यावा की पूर्ण आकाराचा, हा प्रश्न उभा राहतो. वरवर पाहता हा आवडीनिवडीचा किंवा ऐपतीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो यंत्रशास्त्र, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक सुरक्षितता या तिन्हींशी निगडित आहे. निवड एका बाजूला चुकली तर डोंगरउतारावर संपूर्ण कुटुंब धोक्यात येऊ शकते; दुसऱ्या बाजूला चुकली तर वर्षातील बहुसंख्य दिवस अनावश्यक धूड रस्त्यावर वागवावे लागते. प्रस्तुत लेखात या निवडीमागील निकषांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन वर्ग आणि त्यांची पार्श्वभूमी :

मध्यम वर्गात टोयोटा टॅकोमा, फोर्ड रेंजर, शेव्हरोले कोलोराडो, निसान फ्रंटियर, जीप ग्लॅडिएटर आणि होंडा रिजलाइन ही प्रमुख वाहने मोडतात. पूर्ण आकाराच्या वर्गात फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्वेराडो १५००, राम १५०० आणि टोयोटा टंड्रा यांचा समावेश होतो. रिजलाइनचा अपवाद वगळता ही सर्व वाहने स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर बांधलेली असतात. रिजलाइनची बांधणी मोटारीप्रमाणे एकसंध आहे.

मध्यम वर्ग एकेकाळी अमेरिकेतून जवळजवळ हद्दपार झाला होता. डॉज डकोटा व जुना रेंजर यांचे उत्पादन २०११ मध्ये आणि जुन्या कोलोराडोचे २०१२ मध्ये थांबले. पुढे कोलोराडो २०१५ च्या आणि रेंजर २०१९ च्या प्रतिकृतीच्या रूपाने परतले. हलक्या ट्रकच्या आयातीवर १९६४ पासून लागू असलेल्या २५ टक्के शुल्कामुळे परदेशात तयार होणारे आटोपशीर पिकअप या बाजारात सहजासहजी येऊ शकले नाहीत. त्यामुळे ग्राहकासमोरील पर्याय दीर्घकाळ मर्यादित राहिले, ही बाब ध्यानात घ्यावी लागते.

आकारातील फरक आकड्यांत पाहणे उचित ठरेल. २०२४ च्या चार दारी रेंजरची लांबी सुमारे २११ इंच म्हणजे ५.३५ मीटर असून दोन आसांमधील अंतर सुमारे १२९ इंच आहे. साडेपाच फुटी हौद्याच्या चार दारी एफ-१५० ची लांबी सुमारे २३२ इंच म्हणजे ५.८८ मीटर, तर आसांमधील अंतर सुमारे १४५ इंच आहे. आरसे वगळून रुंदीत चार इंचांहून अधिक फरक पडतो.

ओढक्षमतेचा आकडा कसा ठरतो? :

जाहिरातीत सर्वांत ठळक छापला जाणारा आकडा म्हणजे कमाल ओढक्षमता. २०२४ च्या प्रतिकृतींत ती टॅकोमासाठी ६,५०० पौंड, रेंजरसाठी ७,५०० पौंड, कोलोराडोसाठी ७,७०० पौंड, रिजलाइनसाठी ५,००० पौंड, टंड्रासाठी १२,००० पौंड आणि एफ-१५० साठी १३,५०० पौंडांपर्यंत सांगितली गेली. एक पौंड म्हणजे सुमारे ०.४५ किलोग्रॅम, हे प्रमाण धरल्यास रेंजरची मर्यादा ३,४०० किलोग्रॅमच्या आणि एफ-१५० ची ६,१०० किलोग्रॅमच्या आसपास येते.

पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा स्वतःच्या पद्धतीने ठरवीत असे. वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने २००८ मध्ये जे २८०७ हे प्रमाणक प्रसिद्ध केले आणि त्यामुळे तुलनेला समान पाया मिळाला. या प्रमाणकानुसार भार जोडलेल्या हलक्या पिकअपने शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग ३० सेकंदांत गाठावा लागतो, १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघावे लागते आणि ॲरिझोना राज्यातील डेव्हिस डॅमचा दीर्घ चढ, वातानुकूलन चालू ठेवून, ताशी ४० मैलांपेक्षा कमी वेग न होऊ देता पार करावा लागतो.

तथापि या चाचणीमागील गृहीतके सामान्य ग्राहकाच्या लक्षात येत नाहीत. चाचणीत वाहनात प्रत्येकी १५० पौंडांच्या दोनच व्यक्ती गृहीत धरतात. चार माणसांचे कुटुंब, कुत्रा, सायकली व शीतपेटी यांचा त्यात विचार नसतो. शिवाय जाहीर केलेला कमाल आकडा विशिष्ट इंजिन, विशिष्ट गिअर-प्रमाण आणि ओढकामाचा जादा संच घेतलेल्या एखाद्याच रचनेला लागू पडतो. दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येक वाहनाला तो लागू असतोच असे नाही.

वहनभार : खरी मर्यादा :

या विषयातील कळीचा मुद्दा ओढक्षमता हा नसून वहनभार हा आहे. वहनभार म्हणजे माणसे, सामान आणि ट्रेलरच्या जोडणीवर येणारा खालचा दाब मिळून वाहनाने स्वतःच्या चाकांवर पेलावयाचे एकूण वजन. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत त्या विशिष्ट वाहनाचा हा आकडा छापलेला असतो. सर्वसाधारणपणे मध्यम पिकअपमध्ये तो ११०० ते १७०० पौंडांच्या आणि पूर्ण आकाराच्या पिकअपमध्ये १४०० ते २००० पौंडांच्या दरम्यान आढळतो. काही खास रचनांत तो याहूनही अधिक असतो.

ट्रॅव्हल ट्रेलर स्थिर राहावा यासाठी त्याच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीवर येणे आवश्यक असते. हा भार कमी पडल्यास ट्रेलरचे शेपूट डोलू लागते. अधिक झाल्यास वाहनाचा मागचा भाग दबून पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूवरील ताबा कमी होतो. उसाच्या हंगामात जादा भरलेल्या ट्रॉलीमुळे चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाण्याचे दृश्य महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात अपरिचित नाही. त्यामागील तत्त्व हेच आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, रिकामा ५,००० पौंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर पाणी, गॅसटाक्या व सामानासह ६,००० पौंडांचा झाला. केवळ ४० गॅलन पाण्याचेच वजन ३३० पौंडांहून अधिक भरते. जोडणीवरील भार १३ टक्के धरल्यास तो ७८० पौंड होतो. चौघांच्या कुटुंबाचे ६०० पौंड, हौद्यातील सामानाचे १५० पौंड आणि भार विभागणाऱ्या जोडसाधनाचे ८० पौंड मिळविल्यास बेरीज १,६१० पौंड येते. येथे ७,५०० पौंड ओढक्षमतेचा मध्यम पिकअप कागदावर पुरेसा दिसतो, पण त्याच्या चिठ्ठीवर १,४०० पौंड लिहिले असतील तर ओढक्षमतेपैकी १,५०० पौंड शिल्लक असतानाच वहनभाराची मर्यादा २१० पौंडांनी ओलांडली जाते.

हीच आकडेमोड उलट बाजूनेही उपयोगी पडते. २,५०० पौंडांचा घडीचा तंबू-ट्रेलर घेतल्यास १२ टक्क्यांनी जोडणीवर ३०० पौंड येतात. कुटुंब व सामान धरून बेरीज १,०५० पौंड होते. हे काम मध्यम पिकअप मर्यादेत राहून करू शकतो.

येथे एक महत्त्वाची सावधगिरी नोंदविणे आवश्यक आहे. मोठे वाहन म्हणजे आपोआप मोठा वहनभार असे समीकरण नाही. काचेचे छत, विजेवर सरकणाऱ्या आसनांची यंत्रणा, मोठी चाके आणि चारचाकी चालना या प्रत्येक सोयीचे वजन वहनभारातूनच वजा होते. परिणामी सर्वांत महागड्या श्रेणीतील पूर्ण आकाराचा पिकअप त्याच मालिकेतील साध्या पिकअपपेक्षा कमी भार पेलतो आणि वरील उदाहरणातील परीक्षेत तोही अनुत्तीर्ण होऊ शकतो.

शक्ती, स्थैर्य आणि थांबणे :

आजच्या मध्यम पिकअपमध्ये शक्तीची वाण राहिलेली नाही. कोलोराडोचे २.७ लिटर टर्बो इंजिन ४३० पौंड-फूट पीळबल देते. एफ-१५० चे २.७ लिटर टर्बो इंजिन ४०० पौंड-फूट देते. म्हणजेच निव्वळ पीळबलाच्या निकषावर लहान वाहन मोठ्याच्या पुढे जाऊ शकते. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा विचारही येथे करावा लागतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्क्यांनी घटते. कोलोराडो राज्यातील आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे. तेथे अशा इंजिनाची सुमारे एक-तृतीयांश शक्ती हरपते. टर्बो इंजिनाला ही झळ बरीच कमी बसते.

मग पूर्ण आकाराच्या पिकअपचा लाभ कोणता? तो लाभ वजन, रुंदी आणि आसांमधील अंतर यांत आहे. ट्रॅव्हल ट्रेलर ही उंच व सपाट भिंत असते. बाजूचा वारा किंवा शेजारून वेगाने जाणारा मालट्रक तिला ढकलतो आणि ती ढकल जोडणीमार्फत वाहनाच्या मागच्या टोकाला मिळते. वाहन जितके जड आणि आसांमधील अंतर जितके अधिक, तितका या ढकलीचा परिणाम कमी. सुमारे ४,४०० पौंडांचा पिकअप ६,००० पौंडांचा उंच ट्रेलर ओढू शकतो. मात्र अशा वेळी ओढले जाणारे वजन ओढणाऱ्या वजनाहून पुष्कळ जास्त असते, याचे भान सुटता कामा नये.

थांबण्याच्या बाबतीत ट्रेलरचे स्वतंत्र ब्रेक हा कळीचा घटक आहे. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरला ते बंधनकारक आहेत. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनासाठी ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. वेग ६५ वरून ५५ मैलांवर आणल्यास हवेचा रोध आणि थांबविताना जिरवावी लागणारी गतिज ऊर्जा ही दोन्ही सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतात. मोठे वाहन घेण्यापेक्षा वेग कमी ठेवणे हा अनेकदा स्वस्त व परिणामकारक उपाय ठरतो.

रोजची ये-जा :

अमेरिकेत २०१९ मध्ये कामावर जाण्याचा सरासरी एकेरी वेळ सुमारे २७.६ मिनिटे होता. रोज जवळजवळ एक तास ज्या वाहनात जातो, त्याचा विचार केवळ सुट्टीच्या दिवसांवरून करणे योग्य नव्हे.

इंधनातील फरक समजला जातो तितका मोठा नाही. वर्षाला १२,००० मैल चालणारे एक वाहन गॅलनमागे २२ मैल आणि दुसरे १९ मैल धावते असे मानल्यास वार्षिक गरज अनुक्रमे ५४५ व ६३२ गॅलन येते. गॅलनला साडेतीन डॉलर धरल्यास फरक सुमारे ३०० डॉलरचा होतो. दुसरे वाहन २१ मैल देणारे लहान टर्बो इंजिनाचे असेल तर हाच फरक ९० डॉलरच्या आसपास येतो. खरेदीची किंमत, विमा आणि टायर यांतील फरक यापेक्षा निर्णायक ठरू शकतो.

जागेचा प्रश्न मात्र रोज भेडसावतो. अनेक घरांतील गॅरेज सुमारे २० फूट खोल असते. १९.३ फूट लांबीचा पिकअप त्यात शिरला तरी मागेपुढे माणसाला वावरण्यास जागा उरत नाही. शहरातील जुन्या बहुमजली वाहनतळांत उंची व वळणांची अडचण येते. पूर्ण आकाराच्या पिकअपमध्ये मागील आसनावर तीन प्रौढ आरामात बसतात. मध्यम पिकअपमध्ये ती जागा तुलनेने अरुंद असते. मुलांची आसने बसविणाऱ्या कुटुंबाने हा मुद्दा प्रत्यक्ष तपासूनच निर्णय घ्यावा.

रस्त्यावरील इतरांच्या सुरक्षिततेचाही विचार येथे अपरिहार्य आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ४० इंचांहून अधिक उंच बॉनेटची वाहने पादचाऱ्याला धडकल्यास मृत्यूची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या वाहनांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. शाळेसमोरून रोज जाणाऱ्या वाहनाच्या बाबतीत ही बाब गौण मानता येणार नाही.

निवडीची पद्धत :

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे सुचविता येतो. प्रथम ट्रेलर निश्चित करावा, नंतर वाहन. ट्रेलरचे रिकामे वजन न धरता भरलेले वजन धरावे आणि शक्य असल्यास ते काट्यावर तोलून घ्यावे. त्याच्या १३ टक्के भारात माणसे व सामान मिळवून येणारी बेरीज प्रत्यक्ष खरेदी करावयाच्या वाहनाच्या दारावरील आकड्याशी ताडून पाहावी. त्यानंतर वर्षातील किती दिवस भार ओढावयाचा, हे मोजावे. वर्षातून दोनदाच मोठा ट्रेलर न्यावयाचा असेल तर रोजच्यासाठी मध्यम वाहन ठेवून त्या दिवसांपुरता सक्षम ट्रक भाड्याने घेणे व्यवहार्य ठरते. मात्र ट्रेलर ओढण्यास परवानगी आहे काय, हे भाडेकरारात आधी पाहावे.

निष्कर्ष :

१. जाहिरातीतील कमाल ओढक्षमता हा तुलनेचा प्रारंभबिंदू आहे. निर्णयाचा आधार वहनभार हाच असावा.

२. भरलेले वजन सुमारे ३,५०० पौंडांपर्यंत असलेल्या बेताच्या उंचीच्या ट्रेलरसाठी आणि शहरी ये-जेसाठी मध्यम पिकअप सामान्यतः पुरेसा व सोयीचा ठरतो.

३. सुमारे ५,००० पौंडांवरील उंच ट्रॅव्हल ट्रेलर कुटुंबासह वारंवार ओढावयाचा असल्यास पूर्ण आकाराचा पिकअप आवश्यक मानावा. तथापि त्याचाही वहनभार तपासणे अनिवार्य आहे.

४. या दोन सीमांच्या दरम्यान वाहनाच्या वर्गनामापेक्षा दारावरील चिठ्ठी, ट्रेलरचे ब्रेक आणि चालकाचा वेग हे घटक अधिक निर्णायक असतात.

सारांश, वाहनाचा आकार हे सामर्थ्याचे केवळ बाह्य लक्षण आहे. दारावरील लहानशा चिठ्ठीची आणि काट्यावरील पावतीची सांगड घालणारी पाच मिनिटांची बेरीज ज्या कुटुंबाने केली, त्याची निवड कोणत्याही वर्गातील असली तरी बहुधा योग्य ठरेल.