व्योम नांवाचा शिपाई

अमरकोशांतील आकाशवाचक 'व्योम' शब्द १९९८ सालीं दूरदर्शनवर एका शिपायाचें नांव होऊन आला. केतन मेहता यांच्या 'कॅप्टन व्योम' मालिकेंतील काळ इसवी सन २१२३चा. अंतराळांतील तुरुंगांतून पळालेले बारा अट्टल गुन्हेगार धरून आणणें हें त्या वीराचें काम. भूमिका मिलिंद सोमण यांची.

सोमण मूळचे जलतरणपटु, राष्ट्रीय विजेते. पुढें जाहिरातींमुळें व १९९५च्या 'मेड इन इंडिया' गीतामुळें ते घरोघर ठाऊक झाले. त्यांचे संवाद आम्हांस किंचित् ताठर वाटत. परंतु उभें राहणें, मान वळविणें, धांवणें यांत सोंग नव्हतें. तें शरीर पाण्यानें घडविलेलें होतें. मागचें आकाश खोटें असलें तरी शिपाई खरा वाटे. गिरणा-पांझरेच्या डोहांत डुंबणाऱ्या पोरांस 'पोहून का पोट भरतें?' म्हणून दटावणाऱ्या आमच्या खानदेशी वडीलधाऱ्यांनीं (त्यांत आम्हीही आलों) एवढें ध्यानांत घ्यावें.

२०१५ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनीं झुरिचची 'आयर्नमॅन' शर्यत पुरी केली: सुमारें ३.८ किलोमीटर पोहणें, १८० सायकल, ४२ धांवणें. २०२५च्या 'इमर्जन्सी' चित्रपटांत ते पुन्हां सैनिकवेषांत दिसले. या वेळीं सॅम माणेकशा म्हणून.