सजदा आणि दुखरे गुडघे

रमजानचा चंद्र दिसला की घरातील ज्येष्ठांच्या मनात आनंदासोबत एक काळजीही येते : यंदा तरावीह होईल का? ईशाच्या नमाजनंतर अनेक मशिदींत २० रकात तरावीह पढली जाते. प्रत्येक रकातमध्ये दोन सजदे, म्हणजे ४० वेळा सजद्यात जाणे आले. गुडघ्यांची झीज झालेल्यांना हे जड जाते. खुर्चीवर बसण्याची लाज वाटून कुणी वेदना सोसत राहतो, तर कुणी मशिदीत जाणेच सोडून देतो.

खरे तर लाज वाटण्याचे कारण नाही. हजरत इमरान बिन हुसैन (र.) यांनी आपल्या आजारपणात नमाजविषयी विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उभे राहणे शक्य नसल्यास बसून आणि तेही शक्य नसल्यास कुशीवर नमाज अदा करण्याची मुभा दिली. सहीह बुखारीत ही हदीस आहे.

पण सवलत मिळाली म्हणून हालचाल थांबवू नये. व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे हाच या दुखण्यावरील पहिला उपाय आहे. जाड व्यक्तीचे वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

हे सर्वांना सांगितले जाते, तरी जमत नाही. नव्या सवयीला दिवसभरात ठरलेली वेळच नसते. रोजेदाराचा दिवस मात्र पाच नमाजांनी बांधलेला असतो. जोहरच्या नमाजनंतर खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत तसाच धरावा, मग दुसरा. दहा वेळा जमत नसेल तर पाच वेळा करावा. कॅलेंडरवर खूण करण्याचे काम नातवाला द्यावे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी.

इफ्तारला खजूर आणि फळे असावीत. भजी, समोसे रोज नकोत. वेदनाशामक गोळ्यांच्या वेळा मनानेच बदलू नयेत, रोजे सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

घरच्यांनीही ‘कितीदा सांगितलं, ऐकतच नाही’ असे टोचण्याऐवजी ‘अम्मी, आज किती वेळा झालं?’ एवढेच विचारावे आणि शेजारी बसून आपणही पाय उचलावेत.

ईदनंतर तरावीह नसते, पण जोहर रोजच असते. तिच्याशी जोडलेली ही सवय रमजाननंतरही टिकू शकते.