अनुक्रमित वस्तूंची वर्गनिश्चिती

संगणकाच्या स्मृतीतील वस्तू अन्यत्र पाठवावयाची झाल्यास प्रथम तिचे अक्षरमालिकेत रूपांतर करावे लागते. या क्रियेस सीरियलायझेशन म्हणतात. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी जेसन ही लेखनपद्धती रूढ असून, २००९ च्या पाचव्या प्रमाण आवृत्तीपासून तिची साधने भाषेतच अंतर्भूत आहेत. अशा लेखातून परत उभी केलेली वस्तू मूळ वर्गाचीच आहे काय, हे कसे ठरवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

एक उदाहरण घेऊ. ऐतिहासिक कागदपत्रांच्या सूचीसाठी आपण ‘नोंद’ हा वर्ग रचला आणि तिच्या एका वस्तूत १ मे १९६० हा महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिनांक, नागपूरच्या मध्यरात्रीचा क्षण म्हणून, डेट या अंगभूत वर्गाच्या रूपाने ठेवला. जेसन हा क्षण जागतिक प्रमाणवेळेत लिहिते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे लेखात ३० एप्रिल, १८ वाजून ३० मिनिटे असे उमटते. परत वाचल्यावर हाती येते ती डेट नव्हे, तर केवळ अक्षरमालिका. तिची पहिली दहा अक्षरे घेऊन जो दिनांक मानील, तो राज्याची स्थापना एक दिवस अलीकडे आणील. आणि यंत्र चकार शब्द काढणार नाही.

याचे कारण असे की, वर्ग हा वस्तूच्या गुणधर्मांत नसून प्रोटोटाइपशी असलेल्या दुव्यात असतो. जेसन गुणधर्मांची नावे व मूल्ये तेवढी लिहिते, दुवा गळतो. म्हणूनच परत वाचलेल्या वस्तूविषयी ‘इन्स्टन्सऑफ नोंद’ असे विचारल्यास उत्तर नकारार्थी येते. स्ट्रक्चर्डक्लोन ही अलीकडची सोय डेट व मॅप सांभाळते. परंतु स्वरचित वर्गाचा दुवा तीही राखीत नाही.

तेव्हा वर्गाची खूण लेखातच घातली पाहिजे. ती वर्गाच्या नावावरून आपोआप घेऊ नये. कारण प्रकाशनापूर्वी संहिता आटोपशीर करताना अशी नावे बदलतात. स्वतः ठरविलेली स्थिर खूण ‘टूजेसन’ पद्धतीत लिहावी. वाचताना ती खूण मान्य वर्गांच्या कोष्टकात शोधावी, प्रत्येक गुणधर्माचा प्रकार तपासावा आणि मगच कन्स्ट्रक्टरद्वारा नवी वस्तू घडवावी. केवळ दिवसच अभिप्रेत असेल तेथे क्षण न ठेवता दिनांकच लिहावा.

बाहेरून आलेली खूण हा पुरावा नव्हे, दावा आहे. दाव्याची छाननी झाल्यावरच ‘इन्स्टन्सऑफ’च्या होकारास अर्थ प्राप्त होतो.