खत भरपूर, पण उजेड कुठे?

वनस्पतिप्लवक म्हणजे पाण्यात तरंगत उन्हावर अन्न तयार करणारे सूक्ष्म जीव. नायट्रेट, फॉस्फेट हे त्यांचे खत. ऐन पावसात मांडवी आणि झुआरी हे खत गोव्याच्या खाड्यांत भरभरून आणतात. मग तेव्हाच प्लवकांना बहर यायला हवा ना? पण नद्या गाळही आणतात. गढूळ पाण्यात ऊन खोल शिरत नाही, त्यात आकाश ढगाळ. खारटपणा उतरतो, आणि जोराचा प्रवाह प्लवकांना वाढण्यापूर्वीच समुद्रात लोटून देतो.

पावसाने काही दिवस उघडीप दिली की चित्र पालटते. गाळ बसतो, समुद्राचे पाणी पुन्हा आत येते आणि ‘स्केलेटोनेमा’सारखे डायाटम झपाट्याने वाढतात. त्यांच्या कवचाला लागणारी सिलिकाही नदीनेच आणलेली! आपल्या ताटातली तारली अशाच प्लवकांवर पोसते. मात्र वाढ बेसुमार झाली, तर मेलेले प्लवक तळाशी कुजताना प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात.

विद्यार्थ्यांना हे मोजताही येईल. खाडीच्या धक्क्यावरून पांढरी थाळी दोरीने आडवी सोडावी व ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवावी. आंजेलो सेकी या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली असेच मोजले होते. उघडीप पडल्यावर पुन्हा मोजावे.