मंडळीचा निरोप (७) : येणाऱ्या रविवारचं पत्रक

आज फेसबुक पानाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. पाटोद्याच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो बाजूला ठेवावा असं मला वाटेना. हा तरुण मंडळीचं रविवारचं पत्रक संगणकावर लावतो. मागच्या लेखात सांगितलेल्या पद्धतीने त्याने वेबसाइट उभी केली आणि दहा वर्षांची जुनी पत्रकं तिच्यावर चिकटवली. पडद्यावर मराठी आलंच नाही. सगळीकडे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. “मग पत्रकांचे फोटोच टाकू का?” असं तो विचारतो.

टाकू नका. या एका मुद्द्यासाठी अख्खा लेख खर्च करायची माझी तयारी आहे.

डीटीपी शिकलेले आपण बहुतेक जण शिवाजी, कृतिदेव, जुनी श्रीलिपी यांच्यावर हात बसवलेले. या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, त्याच्या अंगावर देवनागरीचा अंगरखा तेवढा चढवलेला असतो. ज्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही, तिथे अंगरखा गळून पडतो. युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरीच्या मूळ अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले. त्यामुळे युनिकोडमधला ‘ख’ पाटोद्यात, पुण्यात आणि पॅरिसमध्ये ‘ख’च राहतो.

आता फोटोचं बघू. पाटोदा तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मंडळीतली माणसं महिनोन्महिने फडावर असतात. कोपीत रेंज जेमतेम आणि डेटा मोजका. युनिकोडमधली हजार अक्षरं साधारण तीन केबीत मावतात. त्याच मजकुराच्या फोटोला सहज शेकडो केबी लागतात. शिवाय फोटोतली अक्षरं स्क्रीन रीडरला वाचता येतीलच असं नाही, म्हणजे दृष्टिहीन भाऊबहिणी वगळल्या गेल्या. उपासनेची वेळ बदलली तर अख्खा फोटो नव्याने करावा लागतो. आणि तीन वर्षांपूर्वीचं एखादं मनन शोधायचं तर फोटोंच्या ढिगात ते हाती लागणं कठीण.

छापील शब्दासाठी आपल्या लोकांनी काय केलं आहे, हे आठवलं की मला याची जास्तच कळकळ वाटते. पाटोद्याहून सौताडा, जामखेड करत गेलं की नगर येतं. त्या नगरला अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केलं; हेन्री बॅलेंटाइन त्याचे पहिले संपादक. १९१२ पासून १९१९ मध्ये निधन होईपर्यंत रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याचा मराठी भाग सांभाळला. मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली काम शिकलेले जावजी दादाजी पुढे ‘निर्णयसागर’चे संस्थापक झाले. दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, पण ग्रंथ थांबला नाही. एकेक खिळा हाताने लावून शब्द लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्यांचे आपण वारस आहोत. आपल्याला तर नुसता कळफलक बदलायचा आहे.

म्हणून काय करायचं ते सांगतो. नवं पत्रक आजपासून युनिकोडमध्येच लावा. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक असतोच, फक्त सेटिंगमध्ये मराठी जोडायची. फोनवर बोलूनही टाइप होतं. जुनी पत्रकं कन्व्हर्टरमधून काढा, पण डोळ्यांखालून घातल्याशिवाय चढवू नका. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. कन्व्हर्टर नेमका तिथे घसरतो आणि ‘सुवार्ता’मधल्या रफारावरही अडखळतो.

सगळ्यात चकवणारं अक्षर म्हणजे ‘येणाऱ्या’तला ‘ऱ्या’. तो दोन तऱ्हांनी साठवला जातो. जुनी तऱ्हा साध्या ‘र’ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावण्याची, दुसरी ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराची. दोन्ही दिसायला सारखेच, पण एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेचं सापडेलच असं नाही. ‘येणाऱ्या रविवारी’ ही आपल्या पत्रकातली ठरलेली सुरुवात! म्हणून ‘ऱ’ हीच तऱ्हा ठरवा आणि जुन्या मजकुरात शोधा-बदला करून एकसारखी करून घ्या.

शेवटचं काम वेबसाइटच्या कोडमधलं. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा, त्यासाठी ‘एमआर’ हा संकेत आहे. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिलेले आहेत, तिथे ते उमटू लागतात आणि स्क्रीन रीडरलाही मराठी उच्चार निवडता येतो.

सजवलेलं चित्र नाताळला, ईस्टरला जरूर पाठवा. मात्र त्याच्याखाली तोच मजकूर अक्षरांत लिहा. पुढच्या आठवड्यापर्यंत प्रत्येक मंडळीने किमान एक जुनं पत्रक युनिकोडमध्ये आणून तपासावं, ही विनंती. कुठलं अक्षर अडलं ते कळवा; फेसबुककडे वळण्याआधी त्याचं उत्तर देईन.