क्रेट परत येतात, मग मल्चिंग पेपर का नाही?

लेखमाला : गावाचा कचरा – भाग ५

मागच्या लेखात घंटागाडीचा हिशेब मांडला होता. ओला कचरा गावाबाहेर नेऊन ओतला की त्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला कोणी शिकवायला नको. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाद्यात वजनाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. म्हणून ओला कचरा गाडीत चढूच नये, परड्यात आणि उकिरड्यातच जिरावा, असे त्या लेखात म्हटले होते. सुका कचरा जिरत नाही, त्याला कुठेतरी न्यावेच लागते. पण आपल्या गाड्या फिरतात गावठाणात, आणि जुन्नर-आंबेगावातला सर्वांत अवघड सुका कचरा गावठाणात नसतोच. तो असतो शेतात. आजचा लेख त्यातल्या एकाच वस्तूबद्दल आहे, मल्चिंग पेपरबद्दल.

नाव पेपर, पण वस्तू प्लास्टिक. वरून रुपेरी, खालून काळा असा हा कागद बेडवर अंथरला की तण कमी होते, ओल टिकते, ठिबकचे पाणी वाया जात नाही आणि फळ मातीला लागत नाही. टोमॅटो, मिरची, कलिंगड करणारा शेतकरी तो हौसेने वापरत नाही, त्याचा हिशेब बरोबर असतो. आता कचऱ्याचा हिशेब करू. तीन-चार महिन्यांच्या पिकाला साधारण २५ मायक्रॉनचा पेपर लावण्याची शिफारस असते. चार फूट रुंद आणि ४०० मीटर लांब अशा एका बंडलाचे वजन ११ किलोच्या आसपास भरते. दोन बेडांत पाच फुटांचे अंतर धरले तर एकराला साडेसहा बंडले लागतात, म्हणजे सत्तर किलोच्या वर प्लास्टिक. शंभर एकरांचे झाले सात टन, आणि तेही एका हंगामाचे. नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटो घेऊन येणाऱ्या गावांची यादी डोळ्यांसमोर आणली की पुढचा गुणाकार वाचकाने स्वतः करावा. एखाद्या वाडीतल्या घरांनी वर्षभर दुधाच्या पिशव्या साठवल्या तरी एका एकराची बरोबरी होताना मारामार.

तोडे संपले की तार-काठी निघते, वेल उपटले जातात आणि मग पेपर ओढायचा असतो. त्याच्या दोन्ही कडा बेडच्या बगलांना मातीखाली दाबलेल्या असतात. चार महिने उन्हात तापलेला भाग हाताला येतो, कडा मात्र तुटून जमिनीतच राहतात. उन्हाळी लागवडीचा पेपर पुष्कळदा पावसाळ्यात निघतो, तेव्हा त्याला चिखल चिकटतो आणि अशा गठ्ठ्यात निम्मे वजन मातीचेही असू शकते. मजूर लावून तो काढला तरी ठेवायचा कुठे? बांधावर. वारा सुटला की बाभळीवर, पाऊस आला की ओढ्यात, आणि ओढ्यातून मीना, कुकडी किंवा घोड नदीत. जो निघतच नाही त्यावर रोटाव्हेटर फिरतो आणि त्याचे तुकडे पुढची कित्येक वर्षे त्याच मातीत राहतात. उरलेल्याला काडी लागते. या धुराविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही, कारण तो रात्री निघतो आणि प्रत्येकाच्याच शेतातून निघतो.

यावर ‘शेतकऱ्यांना जाणीव नाही, प्रबोधन करा’ असे म्हणण्याची पद्धत आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झाले तेव्हापासून आपण प्रबोधन करतोच आहोत आणि गावठाणात त्याचा उपयोगही झाला. पण त्याच शेतातली दुसरी वस्तू पाहा. टोमॅटोचा क्रेटही प्लास्टिकचाच. तो बाजारात जातो, रिकामा होतो आणि परत येतो. क्रेट शेतकऱ्याचे असोत, आडतदाराचे असोत की व्यापाऱ्याचे, त्यांची मोजदाद होते आणि एक कमी भरला तर वाद होतो. ठिबकच्या जुन्या नळ्याही बांधावर पडून राहत नाहीत. भंगारवाला दारात येऊन किलोवर घेऊन जातो. शेतकरी तोच, बांध तोच, जाणीवही तेवढीच. फरक इतकाच की क्रेटला आणि नळीला वापरानंतरही किंमत आहे, पेपरला नाही. पातळ, फाटका, मातीने भरलेला माल भंगारवाला नाकारतो. त्याचे चुकत नाही. असा माल घेतला तर तो धुऊन, वाळवून, वितळवून त्याचा काळा दाणा करणाऱ्यालाच त्याला विकावा लागेल, आणि मातीचे पैसे तिथे कोणी देत नाही. मल्चिंग पेपरचा प्रश्न त्यामुळे स्वच्छतेच्या सवयीचा नाही, बाजारभावाचा आहे. भाव आपोआप तयार होत नसेल तर तो ठरवून तयार करावा लागेल.

सरकारने पेपरच्या व्यवहाराच्या एका टोकाला पैसा लावला आहे. फलोत्पादन अभियानात अनेक वर्षे मल्चिंगचा खर्च हेक्टरी ३२,००० रुपये धरून त्याच्या निम्मे, म्हणजे १६,००० रुपये अनुदान मिळत आले. अंथरायला अनुदान आहे, काढायला नाही. दुसऱ्या टोकाला २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ग्रामपंचायतीवर प्लास्टिक गोळा करण्याची जबाबदारी टाकली. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत आणि प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद झाली. हा सगळा विचार माणशी आहे, एकरी नाही. दोन हजार वस्तीच्या गावात तीनशे एकर टोमॅटो असला तरी कागदावर त्याचा कचरा दोन हजार माणसांचाच. २०२२ मध्ये माल बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनी प्लास्टिक परत गोळा करावे, अशी सविस्तर व्यवस्था झाली, पण ती वेष्टनापुरती. बिस्किटाचा पुडा वेष्टन आहे, औषधाची बाटली वेष्टन आहे. मल्चिंग पेपर हा स्वतःच माल, त्यामुळे तो त्यातून सुटला. सत्तर किलोला वाली नाही आणि चार ग्रॅमच्या पुड्याला आहे, असा हा प्रकार.

भाव ठरवून तयार करता येतो का? ब्राझीलने कीटकनाशकांच्या डब्यांबाबत ते करून दाखवले. तिथल्या २००० सालच्या कायद्याने शेतकऱ्याने डबा धुऊन वर्षाच्या आत परत करायचा, दुकानदाराने परतीची जागा बिलावरच लिहायची आणि तिथून पुढची वाहतूक कंपन्यांनी करायची, अशी वाटणी केली. उद्योगाने २००१ मध्ये त्यासाठी संस्था उभारली, आणि आज थेट औषधाला लागणाऱ्या डब्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक परत येतात. आपल्याकडे १९७१ चे कीटकनाशक नियम मात्र रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरा, असे सांगतात. चीनचा अनुभव पेपरबद्दलच आहे. तिथे अवघ्या आठ मायक्रॉनचा पेपर सर्रास वापरला गेला, तो काढताच येईना, शिनजियांगच्या कापसाच्या जमिनी तुकड्यांनी भरल्या. शेवटी २०१७ च्या राष्ट्रीय मानकाने किमान जाडी दहा मायक्रॉन केली. आपला २५ मायक्रॉनचा पेपर त्यामानाने निघण्याजोगा आहे. पण बाजारात त्याहून पातळही मिळतो, स्वस्त पडतो म्हणून खपतो, आणि तोच सर्वांत जास्त मातीत राहतो.

तेव्हा मागणी अशी: पेपर विकताना कृषी सेवा केंद्राने किलोमागे अनामत घ्यावी, बिलावर जाडी आणि परतीची जागा लिहावी, आणि पेपर परत आला की मातीची तूट कापून ती अनामत द्यावी. याला पहिला आक्षेप येईल, शेतकऱ्यावर आणखी एक बोजा कशाला? भाव कोसळले की टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो, तिथे हा आक्षेप हलका नाही. पण अनामत खर्चात जमा होत नाही, ती परत मिळते. शिवाय आज पेपर काढण्याची मजुरी शेतकऱ्याच्याच खिशातून जाते आणि बदल्यात काहीच येत नाही. अनामतीऐवजी अनुदानाचाच एक हिस्सा राखून ठेवावा, असे कोणी सुचवेल. त्याचा उपयोग थोडा, कारण अनुदान सगळ्यांना मिळत नाही आणि पुष्कळ पेपर अनुदानाशिवायच विकत घेतला जातो.

जमिनीत कुजणारा पेपर वापरा, हा दुसरा आक्षेप अधिक आकर्षक वाटतो. तो महाग आहे, आणि लांबलेल्या तोड्यांच्या पिकात वेळेआधी विरून चालत नाही. स्वस्त होईल तेव्हा जरूर वापरावा, तोवर बांधावरचा ढीग थांबणार नाही. खरी अडचण वेगळीच आहे. अनामत एका तालुक्यात लावता येत नाही. जुन्नरमध्ये लावली तर खरेदी संगमनेरला होईल आणि परतीचा पेपर मात्र नारायणगावला येईल. म्हणून ती राज्यानेच लावली पाहिजे.

गोळा करण्याच्या व्यवस्थेला मात्र राज्याची वाट पाहायची गरज नाही. ते काम एकेका ग्रामपंचायतीने करावे असे म्हणणे व्यर्थ आहे. पेपर वर्षातून काही आठवडेच निघतो आणि एका गावाचा माल एरवी एक ट्रकही भरत नाही. जुन्नर बाजार समितीच्या नारायणगाव उपबाजारात आणि मंचरला वजनकाटे आहेत, तोलणार आहेत, रोज येणारी-जाणारी वाहने आहेत. तालुक्याच्या १६ लाखांतून गठ्ठे दाबण्याचे यंत्र तिथेच बसवले तर शेतकऱ्याला वेगळी खेप पडत नाही, टोमॅटोच्या गाडीतच पेपर येतो. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राने पेपर न फाटता काढायची आणि माती झटकायची पद्धत दाखवली तर तूटही कमी बसेल. पहिल्या वर्षी भाव किलोला दोन-चार रुपयेच मिळाला तरी चालेल. काट्यावर चढल्याशिवाय कोणत्याही मालाला भाव फुटत नाही.

(पुढील आठवड्यात : भीमाशंकर, ओझर आणि लेण्याद्री – यात्रेकरूंचा कचरा कोणी उचलायचा?)